बोअर मारला, पुढे काय?

आपल्या वर्धा जिल्ह्यात 'बोर' या एका शब्दाचे किती अर्थ निघतात पहा. सेलू तालुक्यातली बोर नदी, तिच्यावरचं धरण आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेलं तिथलं जंगल, हा पहिला. थंडीत टोपलीत घेऊन बसतात ती आंबटगोड बोरं, हा दुसरा. दुपारी मेसच्या जेवणानंतरच्या लेक्चरला आपण होतो तो तिसरा (सर, माफ करा!). आणि चौथा म्हणजे शेतात, अंगणात, पुलाच्या जागेवर, नदीच्या काठावर मशीन लावून मारतात तो बोअर. मला बोलायचं आहे ते या चौथ्याबद्दल. वाचताना तिसरा अर्थ आठवणार नाही एवढी काळजी घेते!

नदीच्या काठावर जमिनीला भोक का पाडतात? पाण्यासाठी पाडतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण पूल बांधायचा असेल, कालवा न्यायचा असेल, बंधारा घालायचा असेल, तरी आधी भोकच पाडावं लागतं. खाली काळी माती किती, मुरूम किती, कातळ कुठे लागतो हे कळल्याशिवाय पायाचं डिझाईन करता येत नाही. वर्धा–नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. कळंब यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे वर्धा नदी ओलांडणं आलंच. समृद्धी महामार्गही आपल्या जिल्ह्यातून गेला. आणि आता पुढे आहे वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्प. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्दपासून बुलडाणा जिल्ह्यातल्या नळगंगेपर्यंत सुमारे ४२६ किलोमीटर. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली. त्याच्या वाटेत वर्धा जिल्हा आहे. म्हणजे आपल्या नद्यांच्या काठांवर येत्या काळात किती भोकं पडतील याचा अंदाज तुम्हीच करा. ती पाडणारे इंजिनिअर कोण असतील? कदाचित आज आपल्या शेजारच्या खोलीत कॅरम खेळत बसलेले!

मी विकासाच्या विरोधात नाही. पूल हवा, रेल्वे हवी, विदर्भाला पाणी तर हवंच हवं. माझा प्रश्न साधा आहे. भोक पाडल्याने नदीच्या आणि विहिरीच्या पाण्याचं काय होतं, हे आपण तपासतो का?

यावर सिव्हिलवाले लगेच म्हणतील, "तपासतो ना! सॉईल रिपोर्टमध्ये पाण्याचं केमिकल अॅनालिसिस असतंच." बरोबर आहे. बोअरहोलमध्ये लागलेल्या पाण्याचा नमुना घेतात. त्याचा पीएच, सल्फेट, क्लोराईड काढतात. पण कशासाठी? तर ते पाणी आपल्या काँक्रीटला आणि सळीला खाईल का हे बघण्यासाठी. आयएस ४५६ मध्ये सल्फेटचं टेबल आहे, त्यावरून कुठलं सिमेंट वापरायचं ते ठरतं. म्हणजे पाण्यापासून पुलाला किती धोका, हे आपण नीट मोजतो. पुलापासून पाण्याला किती धोका, हा उलटा प्रश्न त्या रिपोर्टमध्ये नसतोच. बाटली तीच, लॅब तीच, माणूसही तोच. फक्त प्रश्न एकाच बाजूने विचारलेला. माझी सगळी तक्रार एवढीच आहे.

आता धोका खरंच आहे का, तो बघू. उगाच बाऊ करण्यात अर्थ नाही.

पहिली भीती असते गढूळपणाची. १५० मिलिमीटर व्यासाचं ३० मीटर खोल भोक पाडलं तर बाहेर माती किती निघते? हिशोब सोपा आहे, जवळपास अर्धा घनमीटर. म्हणजे साधारण एक टन. ट्रॅक्टरची ट्रॉलीसुद्धा भरत नाही. समजा त्यातली शंभर किलो बारीक माती वाहून नदीत गेली, तर एक कोटी लिटर पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम गाळ वाढेल. श्रावणात धाम नदी दुथडी भरून वाहते तेव्हा तिचा रंगच चहासारखा असतो, तिला याचा पत्ताही लागणार नाही. पण एप्रिलमध्ये तीच नदी डोहाडोहांत थांबलेली असते, तेव्हा याच शंभर किलोंचा अर्थ बदलतो.

त्यात कण कुठला यावरही बरंच काही आहे. स्टोक्सचा नियम आपण परीक्षेपुरता पाठ करतो, तो इथे उपयोगी पडतो. कण निम्मा झाला की खाली बसण्याचा वेग चौथाई होतो. वाळूचा बारीक कण एक मीटर खोल पाण्यात मिनिटभरात तळाला जातो. दोन मायक्रॉनचा मातीचा कण तेवढंच अंतर जायला जवळजवळ तीन दिवस घेतो, तेही पाणी अगदी स्थिर असेल तर. आपली काळी माती म्हणजे असल्याच बारीक कणांचं घर. आणि भोकाची भिंत कोसळू नये म्हणून ड्रिलिंगला जे बेंटोनाईटचं राबडं वापरतात, तेही जातीने चिकणमातीच, निवळायला महाआळशी. पुलाच्या पाईलचं काम निघालं की आकडे आणखी फुगतात. १.२ मीटर व्यासाची २० मीटर खोल एक पाईल म्हणजे साडेबावीस घनमीटर माल. अशा कितीतरी पाईल्स एका पुलाला. ते राबडं टाकीत साठवून परत वापरायचं असतं. उतारावरून नदीकडे सोडून द्यायचं नसतं. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून तर पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, गढूळपणा १ एनटीयूच्या आत हवा असं म्हटलं आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार फार ५ पर्यंत चालवून घेतलं आहे. वर्धा शहराचं पाणी धाम नदीतूनच, येळाकेळी आणि पवनार इथून उचललं जातं. तेव्हा हा प्रश्न फक्त नदीतल्या माशांचा नाही, आपल्या माठाचाही आहे.

तरीही मी कबूल करते की गढूळपणा हा त्यातल्या त्यात प्रामाणिक शत्रू. तो दिसतो. पाणी लाल-काळं झालं की गावातलं लहान पोरही सांगतं, "पाणी खराब आहे." आठ दिवसांनी तो जातोही. खरी भीती आहे ती न दिसणाऱ्या गोष्टीची, आणि ती मशीन निघून गेल्यावर सुरू होते.

आपला जिल्हा बहुतेक सगळा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम आणि झिजलेला खडक. त्यात जे पाणी मुरतं ते आपल्या साध्या विहिरींचं पाणी. त्याखाली घट्ट कातळ. त्या कातळाच्या खाली भेगांमध्ये पुन्हा पाणी असतं, ते बोअरचं पाणी. मधला घट्ट कातळ झाकणासारखं काम करतो. वरची घाण सहजासहजी खाली जाऊ देत नाही. आपण त्या झाकणाला भोक पाडतो. मग केसिंग पाईप नीट बसवला नाही, पाईप आणि जमिनीमधली फट बुजवली नाही, किंवा चाचणीचं भोक तसंच सोडून दिलं, तर पहिल्या पावसात शेतातलं खत, गोठ्याचं पाणी, संडासच्या खड्ड्याचा निचरा हे सगळं लिफ्टने गेल्यासारखं खाली उतरतं. एरवी मातीतून झिरपताना थोडी तरी गाळणी झाली असती. भोकाला गाळणी नसते.

आणि खाली गेलेलं तिथेच राहतं असंही नाही. पाऊस संपला की नदीत जे पाणी वाहतं ते कुठून येतं? काठाच्या जमिनीतून झिरपून. उन्हाळ्यातला नदीचा झिरा म्हणजे भूजलच. आज जमिनीखालचं पाणी नासलं तर उद्या नदी नासते. धाम पुढे वेणेला मिळते, वेणा वर्धेला, वर्धा वैनगंगेला, आणि तिथून प्राणहिता होऊन गोदावरीला. पवनारच्या ज्या धाम नदीत १९४८ साली गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या, जिच्या काठी विनोबांचा आश्रम आहे, तिच्याबद्दल भाषणांत आपण फार आदराने बोलतो. आदर दाखवायची एक रीत पाण्याचा नमुना घेण्याचीही असू शकते.

नायट्रेटचं उदाहरण घ्या. केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा भूजल गुणवत्ता अहवाल सांगतो की नायट्रेट मर्यादेबाहेर सापडलेले देशातले जिल्हे २०१७ मध्ये ३५९ होते, ते २०२३ मध्ये ४४० झाले. त्यात ज्या पंधरा जिल्ह्यांकडे सर्वात आधी लक्ष द्यायला हवं असं म्हटलं आहे, त्या यादीत सात महाराष्ट्रातले आहेत: वर्धा, बुलडाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. होय, पहिलं नाव आपलंच! पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे आणि मानकाने तिच्यात कुठलीही सूट दिलेली नाही. जास्त नायट्रेटचं पाणी तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते, बाळ निळसर पडतं.

हा सगळा दोष बोअरच्या भोकांचा आहे असं मी म्हणत नाही. नायट्रेट येतं रासायनिक खतातून, शेणातून, मैल्यातून. पण चोर बाहेर फिरत असताना आपण दार उघडं टाकून झोपतो का? ज्या जिल्ह्याच्या जमिनीत वरच्या थरात नायट्रेट आहे असं सरकारी अहवाल सांगतो, तिथे प्रत्येक उघडं भोक म्हणजे उघडं दार.

आणि गंमत बघा (गंमत कसली!), नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्या आज्या तुरटी फिरवून पाणी निवळून घ्यायच्या, फडक्याने गाळायच्या, उकळायच्या. त्या काळच्या शत्रूंसाठी ते बरोबरच होतं. नायट्रेटवर मात्र यातलं काहीच चालत नाही. उकळलं तर पाणी आटतं आणि नायट्रेट लिटरमागे उलट वाढतो. क्लोरीनच्या गोळ्यांनीही तो जात नाही. तो फक्त तपासणीतच दिसतो. म्हणून तपासणी.

तपासणी म्हणजे नेमकं काय? काम संपल्यावर एक बाटली भरून लॅबमध्ये टाकली, रिपोर्ट फाईलला लावला, याला मी तपासणी म्हणत नाही. त्या एका आकड्यावरून काय कळणार? गढूळपणा २० एनटीयू आला तर तो ड्रिलिंगमुळे की काल पडलेल्या पावसामुळे? नायट्रेट ६० आला तर तो आधीपासून होता की आत्ता वाढला? ज्याच्याकडे 'आधी'चा आकडा नाही, त्याला 'नंतर'च्या आकड्याबद्दल बोलायचा अधिकारच नाही. तापाच्या पेशंटला डॉक्टर एकदाच थर्मामीटर लावून घरी पाठवत नाही.

माझ्या मते कमीत कमी एवढं तरी हवं. मशीन यायच्या आधी वेगवेगळ्या दिवशी निदान तीन वेळा नमुने. काम चालू असताना रोज. काम संपल्यावर आठवड्याने एकदा, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर परत एकदा, कारण भोकातून घाण उतरते ती तेव्हा. जागाही तीन हव्यात. कामाच्या वरच्या अंगाला नदीत, खालच्या अंगाला नदीत, आणि जवळची वापरातली विहीर किंवा हातपंप. वरच्या आणि खालच्या अंगाचे नमुने एकाच दिवशी घेतले की पावसाचा गाळ दोन्हीकडे सारखा येतो, आणि उरलेला फरक कामाचा. वरच्या अंगाचा नमुना हा आपला साक्षीदार. तो नसेल तर कंत्राटदार म्हणणार "नदीच गढूळ होती" आणि गाव म्हणणार "तुम्हीच केली". दोघंही सिद्ध काहीच करू शकणार नाहीत.

मोजायचं काय? गढूळपणा, पीएच, विद्युतवाहकता आणि विरघळलेला प्राणवायू हे तिथेच काठावर. नायट्रेटचा नमुना बर्फाच्या डब्यात ठेवून दोन दिवसांच्या आत लॅबमध्ये. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली, आणि ती त्याच दिवशी पोचवायची. पाण्यावर डिझेलचा किंवा ग्रीसचा तवंग दिसतो का हे डोळ्यांनी बघून लिहून ठेवायचं, त्याला तर मशीनही लागत नाही. यातलं बहुतेक सगळं आपल्या एन्व्हायर्न्मेंटल लॅबमध्ये आपण टर्मवर्कसाठी करतोच. बादलीतल्या नळाच्या पाण्यावर!

आणि शेवटी भोक बुजवायचं. हे मी 'शेवटी' म्हणते आहे, पण महत्त्वाने पहिलं आहे. आठवतं? २००६ साली हरियाणात पाच वर्षांचा एक मुलगा बोअरमध्ये पडला आणि सगळा देश दोन दिवस टीव्हीपुढे बसला होता. तो वाचला. पण पुढेही मुलं पडत राहिली, तेव्हा २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलेले बोअर तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत बुजवायचा आदेश दिला. तो आदेश मुलांच्या जिवासाठी होता आणि अगदी योग्य होता. पण त्यामुळे एक सवय लागली. मूल पडणार नाही एवढं केलं की झालं! तोंडावर फरशी ठेवली, गोणपाट कोंबला, दगड टाकला, संपलं काम. मूल पडत नाही, पाणी मात्र पडतं. पाण्याला फरशीखालची बोटभर फट पुरते.

नीट बुजवायचं म्हणजे तळापर्यंत पाईप सोडून खालून वर सिमेंट-बेंटोनाईटचं ग्राऊट भरत यायचं, म्हणजे मध्ये पोकळी राहत नाही. किती खर्च? तेच अर्ध्या घनमीटरचं भोक निव्वळ सिमेंटच्या ग्राऊटने भरलं तरी साधारण तेरा बॅगा सिमेंट. बेंटोनाईट मिसळून त्याहून कमी. एका पुलाच्या बजेटमध्ये तेरा बॅगा म्हणजे काय हो? उद्घाटनाच्या मंडपाचं भाडं त्याहून जास्त असेल!

कायदा नाही असंही नाही. १९७४ चा जलप्रदूषण कायदा नदीत किंवा विहिरीत जाणूनबुजून प्रदूषण करायला मनाई करतो. पण 'जाणूनबुजून' हा शब्द सोयीचा आहे. मोजलंच नाही तर जाणणार कोण? न मोजणं हीच इथली सर्वात स्वस्त पळवाट आहे.

आणखी एक गोष्ट, ती भाषेची. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मला 'टर्बिडिटी' आधी कळली, 'गढूळपणा' नंतर. त्यामुळे इंग्रजी रिपोर्ट वाचायला मला त्रास होत नाही. पण ज्या गावाच्या विहिरीबद्दल तो रिपोर्ट आहे त्या गावाने तो वाचायचा कसा? बोअरलॉग इंग्रजीत, केमिकल अॅनालिसिस इंग्रजीत, आणि फाईल शहरातल्या ऑफिसच्या कपाटात. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत चार ओळी लिहायला काय हरकत आहे? 'तुमच्या हातपंपाचा नायट्रेट कामाआधी इतका होता, आता इतका आहे, मर्यादा ४५.' बस्स. गावाला त्याहून जास्त शब्द नकोत, आकडा खरा हवा.

मग आपण काय करायचं? दरवर्षी फायनल इयरचे किती प्रोजेक्ट लायब्ररीत काळ्या कव्हरमध्ये झोपायला जातात! त्यातला एक गट तरी धामच्या काठी का जाऊ नये? कॉलेजच्या आसपासचे सोडून दिलेले बोअर शोधून त्यांचा नकाशा करायचा. त्यांच्या जवळच्या विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासायचं. पुढच्या बॅचने त्याच विहिरी, त्याच महिन्यांत, पुन्हा तपासायच्या. पाच बॅच झाल्या की पाच वर्षांचा 'आधी'चा आकडा आपल्याकडे तयार असेल. नदीजोडाचं मशीन ज्या दिवशी काठावर उभं राहील, त्या दिवशी तो आकडा दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त कामाचा ठरेल. सरांनी परवानगी आणि लॅबची किल्ली दिली तर सुरुवात हॉस्टेलच्या बोअरपासूनच करता येईल. त्याचा नायट्रेट किती आहे, मंडळी, कुणी सांगेल का?

भोक पाडणं हे एका दुपारचं काम आहे. त्यातून वर आलेली माती आपण क्रमांक घालून, डब्यांत भरून, किती जपून ठेवतो! त्यातून खाली जाणाऱ्या पाण्याचाही तेवढाच हिशोब ठेवू या. पूल उभा राहिला की त्यावर पाटी लागते, त्यात इंजिनिअरचं नाव असतं. पुलाखालच्या पाण्यावर पाटी लावता येत नाही, पण ते कसं आहे यावरूनही आपलं नाव ठरत असतं.